किटलीचं खोकं

त्या दिवशीही बाबांनी प्रयोगशाळेत खोकी आपटली. तेच त्यांचं काम होतं. भरलेलं खोकं कोपऱ्यावर पाडायचं, थरथरत्या टेबलावर हलवायचं आणि उघडून बघायचं, प्रवासात आतला माल टिकेल का.

रात्री मुलीचा फोन आला.

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"हो."

मग फोन बंद झाला. त्याच रात्री झोपेत बाबा गेले.

सगळं उरकून ती आपल्या गावी परतली आणि काही दिवसांनी कुरियरनं खोकं आलं, बाबांनी भरून ठेवलेलं, त्यांच्या शेजारच्या काकूंनी धाडलेलं. आत आईची चिनी मातीची किटली होती. ठिकऱ्या झालेली.

"आई गेल्यावर मी ती मागितली होती," ती गुप्तहेर बाईंना म्हणाली. "'मी आहे तोवर ती इथंच राहील,' म्हणाले. तेव्हापासून आमचं बोलणं 'जेवलात का'पुरतंच. जन्मभर लोकांचा माल जपणाऱ्या माणसानं माझीच वस्तू अशी बांधावी? त्यांनी मुद्दाम केलं का, एवढंच मला हवंय."

बाईंनी खोकं फिरवून पाहिलं. किटलीभोवती नुसता टॉवेल. तळाशी, बाजूंना भराव नाही. वर मात्र सुतळीची मूठ, तिला मऊ कापड गुंडाळलेलं, आणि त्या सगळ्यावरून ओढलेली चिकटपट्टी.

"कुरियरवाल्यानं आपटलं, वहिनी," बाईंचे दीर म्हणाले. चहा यायच्या आत गुन्हेगार पकडायची त्यांना सवय होती.

कुरियरवाला उखडला. "आपटलं असेल की! ढीगभर खोकी येतात, कडेवर घेऊन फिरू? पण आत काही भरायला नको?"

प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याला तर पटेचना. "तो असं बांधेल? चमचा पाठवला तरी चारी बाजूंनी दोन बोटं भराव घालायचा! दुसऱ्या दिवशीची रजा टाकली होती त्यानं. कशाला विचारलं, तर म्हणे, दाढी करून जायचंय कुठंतरी."

शेजारच्या काकू रडवेल्या झाल्या. "किल्ली माझ्याकडेच असते. सकाळी दार उघडलं, तर खोकं बुटांशेजारी. 'पोरीची किटली काढलीय,' म्हणाले होते आदल्या दिवशी. माणसं जमायच्या आत माझ्या घरी नेऊन ठेवलं. पोर गेल्यावर आठवलं, मग पट्टी मारून धाडलं. चुकलं का हो माझं?"

बाई आणि दीर मुलीच्या घरी आले.

"बाबांनी हे खोकं पाठवायला बांधलंच नव्हतं," बाई म्हणाल्या.

"मग काय शोभेला?" दीर म्हणाले.

"भाऊजी, पाठवायच्या खोक्याला मूठ कशाला? तीही बोटांना काचू नये म्हणून कापड गुंडाळलेली? चिकटपट्टी तिच्यावरून गेलीय, कारण ती काकूंनी नंतर लावली. आणि भराव नाही, कारण हे खोकं कुणी आपटणारच नव्हतं. प्रवासभर ते मांडीवर राहणार होतं."

मुलीनं वर पाहिलं.

"रजा टाकलेली, बूट दाराशी काढून ठेवलेले," बाई हळूच म्हणाल्या. "ते तुमच्याकडे निघाले होते. बोलावण्याची वाट न बघता."

"माझं घर त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं."

दिरांना अजून काही विचारायचं होतं. बाईंनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

मुलीनं त्यांच्यामागे दार लावलं नाही. बाहेरचा जिना रिकामा होता. त्याच्याकडे बघत ती मोठ्यानं म्हणाली, "या ना, बाबा. मी घरीच आहे."