एकाच उन्हातली दोन चित्रं

पहिल्या भेटीतच मी त्याच्याशी भांडले.

शाळेच्या पटांगणात, आंब्याखाली, तो दोन मोठी चित्रं टांगत होता. घानाच्या राजधानीहून, अक्राहून, आलेला सरकारी माणूस. एलिकेम. केटाच्या खाडीचं पाणी आमच्या घरांत शिरायला लागलं होतं. दगडी भिंत बांधायची की खारफुटी लावायची, हे सभेत गावानं ठरवायचं होतं.

"साहेब, भिंतीला अगदी नवरीसारखं नटवलंय हो! आणि खारफुटी काय तापातून उठवून आणलीत?"

तो वळला. "म्हणजे?"

"भिंतीमागे निळं आभाळ, हसरी मुलं. खारफुटी मात्र ओहोटीची, ढगाळ, नुसता चिखल. माझा फोटो स्टुडिओ आहे. ही लबाडी मला कळते."

"तुम्ही खारफुटीवाल्या दिसता."

"मी खऱ्या फोटोवाली आहे."

तो हसला... आणि गालाला खळी पडली. झाली का पंचाईत!

दुसऱ्या सकाळी खाडीचा नवा फोटो काढायला आम्ही होडीत होतो. भरतीचं पाणी, स्वच्छ ऊन, किनाऱ्यावरून मासे भाजल्याचा धूर. होडी डुलली तसा त्यानं माझा हात धरला.

"तोल गेला—"

"हो ना. पाणी गुडघाभर आहे, बुडाला असतात!"

मी काढलेल्या त्या एकाच फोटोवर त्यानं दोन्ही चित्रं नव्यानं काढली. भिंत करड्या दगडाची. आणि खारफुटी... वीतभर रोपांची.

"इतकी छोटी? अशानं हरेल ती!"

"पहिली काही वर्षं एवढीच असणार. खरं चित्र हवं होतं ना, जिफा?"

माझं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं.

सभेत लोक कितीतरी वेळ चित्रांपुढून हलेनात. "या भिंतीपाशी कोळंबी कुठे वाढणार?" माझ्या मावशीनं विचारलं. थोड्याच हातांच्या फरकानं खारफुटी जिंकली. माझ्या बाबांचा हात भिंतीसाठी वर होता. "पाणी माझ्या उशाशी येतं, पोरी," ते म्हणाले. मी रागावणार तरी कशी?

संध्याकाळी एलिकेम चित्रं गुंडाळत होता.

"निघालात?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"नाही. रोपं लावायला माणूस हवाय. मी नाव दिलं."

"रोपांसाठी?"

"थोडं... रोपांसाठी."

"आणि बाकीचं?"

त्यानं नुसतं पाहिलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"अहो, तोंडानं सांगा की!"

"तू मला आवडतेस. आणि ते 'अहो' सोड आता."

"बरं... एलिकेम. घरी चल जेवायला. फक्त बाबांसमोर भिंतीला नावं ठेवू नकोस."