ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं

"दोरावरचा हात काढ," कुणीतरी म्हणालं.

मधल्या मजल्यावर लिफ्ट थांबवून मी तिच्या टपावर उकिडवी बसले होते. मी शिकाऊ, तरी उस्तादांनी पहिल्यांदाच एकटीला विहिरीत सोडलं होतं. लिफ्टच्या उभ्या पोकळीला आम्ही विहीर म्हणतो. दचकून वर पाहिलं, तर तुळईवर एक मुलगा पाय सोडून बसलेला. माझ्यासारखाच निळा डगला. उस्तादांनीच पाठवला असणार.

"हात लावल्याशिवाय झीज कळणार कशी?"

"कान दे. झिजला की किरकिरतो... तुझ्यासारखा."

"मी किरकिरते?"

"सकाळपासून. घरी भांडून आलीस ना?"

खरंच भांडून आले होते. मी ऑफिसात टेबलाशी बसावं असं आईला वाटे. माझे तेलकट हात तिच्या डोळ्यांत खुपत. त्याला सगळं सांगून टाकलं.

"अगं, माणसं डोळे झाकून या पेटीत पाय ठेवतात," तो म्हणाला. "तुझ्या हातांवर विश्वास ठेवून. टेबलाशी बसून हे मिळेल?"

मी लाजले, चक्क. माझा शब्द विहिरीत घुमून परत येत होता, त्याचा येत नव्हता. पण हे मला घरी गेल्यावर सुचलं.

मग कितीतरी दिवस तो दिसलाच नाही. मी मात्र रोज तुळईकडे बघत कामाला लागायची. आणि एका दुपारी—

"शोधत होतीस?"

"छे. तुळई तपासत होते."

तो हसला. मग एकदम वर बघू लागला. "थांब, जरा धरून येतो," म्हणाला आणि गेला. कुठून, ते कळलं नाही.

वरून उस्तादांची हाक आली. मशीनच्या खोलीत ते पांढरेफटक उभे होते. विहिरीत उतरण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला आपलं कुलूप घालायचं, किल्ली खिशात ठेवायची, आणि ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, हा आमचा नियम. माझं कुलूप पिशवीतच राहिलं होतं. वॉचमननं स्विच चालू करायला हात घातला होता, पण खटका हलेना. तिथे एक गंजकं कुलूप लटकत होतं.

"माझ्या धाकट्या भावाचं," उस्ताद कसेबसे म्हणाले. "शिकाऊ होता. एकदाच विसरला... हे तर माझ्या कपाटात असतं, पोरी." मग आवाज चढला. "पुन्हा विसरलीस तर घरी बस."

पहिल्या दिवशीही मी विसरले होते. आत्ता कुठे सगळं माझ्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप जाणूनबुजून पिशवीत ठेवलं.

तो आला. हसला नाही. "मुद्दाम?"

"मला तू आवडतोस."

इतक्या उकाड्यात त्याच्याकडून गार हवा येत होती.

"मलाही तू आवडतेस," तो म्हणाला. "म्हणून सांगतो, मला पुन्हा भेटू नकोस. सगळं काम शीक. उस्ताद हो. म्हातारी हो."

"आणि तू?"

"मी आहेच की... वर जा. कुलूप लाव."

मी रडत वर गेले. स्विचवर गंजकं कुलूप होतं. त्याच्या शेजारी माझं अडकवलं, तशी त्याची कडी आपोआप सुटली आणि ते माझ्या तळहातावर पडलं. बर्फासारखं गार होतं.

आता मी एकटीनं आख्खी लिफ्ट उभी करते. आई शेजाऱ्यांना कौतुकानं सांगते आणि मला कुणी कसा आवडत नाही म्हणून कुरकुरतेही. मी रोज कामाला लागताना कुलूप लावते, किल्ली खिशात टाकते, आणि आज तो भेटणार नाही हे मला कळतं.