पृथ्वीचा निरोप येईपर्यंत

"नाव सापडत नाही," शल्ययंत्राने तिसऱ्यांदा जाहीर केले आणि आपले चारही पोलादी हात मिटून घेतले.

टेबलावर दिगंबर सातपुते भूल देऊन निजवलेला होता. मंगळावरच्या अरुण वसाहतीत एकतीस माणसे राहत होती आणि त्या सगळ्यांच्या पाण्याची व्यवस्था या बार्शीच्या माणसाकडे होती. आदल्या दुपारी दाबाची नळी फुटली आणि धातूची एक कपची त्याच्या पोटात शिरली. ती प्लीहेच्या धमनीला टेकून बसली होती. जरा हलली असती तर खेळ आटोपला असता.

शल्ययंत्राला ही शस्त्रक्रिया डाव्या हाताचा मळ होती. त्याला हवा होता तो फक्त दिगंबरचा देहनकाशा. तो रात्रीच काढून झाला होता आणि तीस पावलांवरच्या खोलीत, वसाहतीच्या संचिकाघरात सुखरूप होता.

"मैथिली, संचिकाघर बंद पडलंय का?" डॉ. इरफान मुजावरांनी विचारले. ते वसाहतीचे प्रमुख होते आणि एकुलते एक डॉक्टरही.

मैथिली रेडकर धावतच परत आली होती. वसाहतीतली सगळी यंत्रे एकमेकांशी बोलती ठेवणे हे तिचे काम. "चालू आहे. नकाशा त्याच्याच पडद्यावर बघून आले. पण तो कुठे आहे, हे शल्ययंत्राला माहीत नाही."

"अगं, शेजारच्या खोलीत आहे!"

"ते तुम्हाला माहीत आहे, डॉक्टर. यंत्राला फक्त नाव माहीत आहे." तिने घाम पुसला. "दीड वर्षापूर्वी पृथ्वीवरच्या शास्त्रज्ञांना आपल्या फायली हव्या होत्या, तेव्हा मी संचिकाघराला एक नाव नोंदवून घेतलं. नाव विचारलं की पृथ्वीवरचा नामदर्शक त्याचा आकडी पत्ता सांगतो. काम इतकं झकास झालं, की मी आतल्या यंत्रांनाही तेच नाव दिलं. आकड्यांच्या चिठ्ठ्या सगळीकडे चिकटवायला नकोत म्हणून."

"म्हणजे शेजारच्या खोलीचा पत्ता आपण पृथ्वीला विचारतोय?"

"हो. उत्तर मिळालं की यंत्रं ते दहा दिवस लक्षात ठेवतात, म्हणून कधी जाणवलं नाही. पृथ्वी सूर्याआड गेली, त्याचा आज अकरावा दिवस. सकाळी सहाला यंत्रांची आठवण संपली."

दर दोन वर्षांनी सूर्य मध्ये येई आणि दोन आठवडे पृथ्वीशी बोलणे बंद पडे. मागच्या खेपेला हे नाव नव्हतेच. नोंदणीच्या अर्जात 'दहा दिवस' असे आधीपासून भरलेले होते आणि मैथिलीने ते तसेच राहू दिले होते. अर्ज भरताना आपण सगळेच हे करतो. तिची चूक एवढीच, की ती मंगळावर राहत होती.

"मग आतच एक नामदर्शक बसव," डॉक्टर म्हणाले.

"अग्निभिंत ऐकणार नाही. बाहेरच्या जगाला अडवणारी आपली ही भिंत फार संशयी आहे. पत्त्यांची उत्तरं यायला तिने एकच दार ठेवलंय, पृथ्वीच्या लहरी झेलणाऱ्या बाहेरच्या थाळीचं. आतून कोणी उत्तर देऊ लागला तर त्याला तोतया समजायचं, हा तिचा नियम. बाहेरून कोणाचा निरोप आला, तर तो देणारा कोण, हेही ती त्याच दाराने विचारून घेते. नियम बदलायला दोन किल्ल्या लागतात. एक तुमच्या गळ्यात आहे, दुसरी पृथ्वीवर."

"आणि नकाशा हाताने यंत्रात घातला तर?"

"संचिकाघराच्या नावाची खात्री पटल्याशिवाय ते नकाशा घेत नाही. भलत्याच माणसाच्या नकाशावर पोट फाडलं जाऊ नये म्हणून."

डॉक्टरांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिले. "मी स्वतः पोट उघडलं त्याला एकोणीस वर्षं झाली. हात घातला तर तो माझ्याच हातून जाईल. संध्याकाळपर्यंत वेळ आहे, फार तर."

मैथिलीला स्वतःची भयंकर चीड आली. दिगूभाऊ तिला रोज हाक मारून तिच्या बागेला पाव लिटर पाणी जास्त सोडत असे आणि वर म्हणे, मैथिलीताई, कोणाला बोलायचं नाही. तो तिच्या एका न वाचलेल्या रकान्यामुळे मरणार होता. हे ती होऊ देणार नव्हती. ती खोलीतल्या खोलीत चार फेऱ्या मारून थांबली.

"डॉक्टर, भिंत दार ओळखते. अंतर ओळखत नाही."

"म्हणजे?"

"उत्तर थाळीतून आलं, एवढंच ती पाहते. ते कोट्यवधी किलोमीटरवरून आलं की दोनशे पावलांवरून, हे तिला कळत नाही. मी नामदर्शक गाडीत घालते आणि गाडी थाळीच्या समोर नेऊन उभी करते."

"उत्तर इतक्या लवकर आलं, म्हणून तिला शंका नाही येणार?"

"उत्तर लवकर आलं म्हणून आजवर कोणी तक्रार केली आहे का?"

"पण सही? उत्तरावर सही लागते, हे मलाही माहीत आहे."

"प्रत्येकाने आपल्या नावाची सही आपण करायची असते. संचिकाघराच्या नावाची मुद्रा इथेच बनवली होती. माझ्या कपाटात आहे."

दुपारी दोन वाजता मैथिली पोशाख चढवून गाडी घेऊन बाहेर पडली. टेकडीवर थाळी होती, तिच्यासमोर तिने गाडी उभी केली आणि गाडीतल्या प्रेषकाचे बटण दाबले. काहीच झाले नाही. पृथ्वीची कुजबुज ऐकायला बसवलेल्या थाळीच्या कानाशी तिने बोंब ठोकली होती. तिने प्रेषकाची शक्ती कमीत कमी केली, तरी तेच. शेवटी तिने प्रेषक पत्र्याच्या भाकरीच्या डब्यात घातला, झाकण लावले आणि गाडी आणखी चारशे पावले मागे नेली.

कानातल्या यंत्रातून डॉक्टरांचा आवाज आला. "सापडलं! मैथिली, नाव सापडलं म्हणतंय!"

शस्त्रक्रियेला दोन तास लागले. यंत्राने कपची काढून वाटीत टाकली, तेव्हा तिचा टण्ण आवाज झाला आणि डॉक्टर मुजावर भिंतीला टेकून मोकळेपणी रडले.

"अजून तीनदा तरी यंत्राला आत पाहावं लागेल," सावरल्यावर ते म्हणाले. "दर वेळी नकाशा लागणार."

"गाडीचं उत्तर तात्पुरतं आहे, यंत्रं ते लक्षात ठेवत नाहीत. गाडी हलत नाही तिथून," मैथिली म्हणाली. "पृथ्वीचा पहिला निरोप आला, की मगच तिला परत आणायची. तोवर कोणी हात लावायचा नाही."

हा नियम सगळ्यांना पटला. मलाही पटला असता. पृथ्वी परत आल्याशिवाय तिची जागा भरणारी गाडी काढायची नाही, यात खोट काढायला जागाच नव्हती.

पंधरावा दिवस उजाडला आणि सूर्य बाजूला झाला. निरोप आला नाही. सोळाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, सूर्य खवळलेला असेल. सतराव्या दिवशी मैथिलीने थाळीची दिशा पुन्हा जुळवली. थाळीत पृथ्वीच्या बाजूने लहरी येत होत्या, पण निरोप एकही पोचत नव्हता. जेवणाच्या टेबलावर माणसे हळू आवाजात बोलू लागली. तिकडे युद्ध झाले असेल का, इथवर मजल गेली.

दिगंबर आता उशीला टेकून बसू लागला होता. त्याची बायको सुनंदा त्याला तीन वर्षे रोज पत्र लिहीत आली होती. तो रोज सकाळी विचारायचा, "सुनंदाचं काही?" विसाव्या दिवशी त्याने वेगळाच प्रश्न केला. "ताई, खरं सांगा. पृथ्वी आहे ना जाग्यावर?"

मैथिलीला ते ऐकवले नाही. ती उठली आणि जिथे अजून कोणी पाहिले नव्हते, तिथे पाहायला गेली. अग्निभिंतीची एक नोंदवही असते. तीत फक्त अडवलेल्या चोरांच्या नोंदी व्हायच्या, आणि मंगळावर चोर येत नाहीत, म्हणून ती उघडायची कोणाला सवयच नव्हती.

तिने ती उघडली. पाच दिवसांत सहाशे बारा नोंदी झाल्या होत्या आणि सगळ्या सारख्याच. 'पाठवणारा: पृथ्वी. नावाची विचारणा केली. उत्तर: माहीत नाही. प्रवेश नाकारला.'

मैथिलीला उलगडा झाला. पृथ्वीच्या नावाची भिंतीची आठवणसुद्धा दहाच दिवसांची होती. आठवण संपल्यावर भिंतीने त्याच दाराने विचारले, ही पृथ्वी कोण? गाडीतल्या नामदर्शकाला एकच नाव ठाऊक होते, संचिकाघराचे. त्याने क्षणात प्रामाणिकपणे सांगितले, माहीत नाही. पृथ्वीचे खरे उत्तर चव्वेचाळीस मिनिटांनी येई, आणि भिंत दुसरे उत्तर ऐकून घेत नसे. इकडून पृथ्वीला धाडलेले निरोपही पत्ता न मिळाल्यामुळे जागीच साचून राहिले होते.

पृथ्वीचा निरोप येईपर्यंत गाडी हलवायची नव्हती. आणि गाडी उभी होती तोवर पृथ्वीचा निरोप येणार नव्हता.

"डॉक्टर, मी पृथ्वीलाच दारातून हाकलत होते," ती म्हणाली.

"आधी गाडी हलव," मुजावर म्हणाले. "शिव्या मग दे स्वतःला. मीही देईन."

गाडी टेकडीच्या मागे गेली. तासाभराने भिंतीने पृथ्वीला पुन्हा ओळखले आणि अडवून ठेवलेले टपाल एकदम आत सोडले. त्यात एक सरकारी पत्रक होते. सूर्य बाजूला सरल्यावर पाच दिवस उत्तर आले नाही तर वसाहत संपली असे समजावे, असा नियम होता. तो आज सकाळीच लागू झाला होता. एकतीस नावांची यादी जगभर वाचून झाली होती.

सुनंदाचे पत्र सगळ्यात शेवटी होते. मैथिलीने ते दिगंबरच्या हातात दिले आणि जायला निघाली, पण त्याने तिला थांबवून मोठ्याने वाचले.

"सरकारी माणसं आली होती. तुम्ही गेलात म्हणाली. भाऊजी लगेच म्हणाले, आजपासून सुतक धरू. मी भाऊजींना घराबाहेर काढलंय. तुम्ही असाल तर लवकर लिहा, ते अजून ओट्यावरच बसलेत."

दिगंबर टाके धरून हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. त्याने दोन शब्द लिहिले: 'मी आहे.' मैथिलीने ते त्याच्यासमोरच पाठवले.

"पोचायला किती वेळ, ताई?"

"बावीस मिनिटं."

"म्हणजे अजून बावीस मिनिटं मी मेलेलाच," दिगंबर म्हणाला.

मैथिली त्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसली. बावीस मिनिटे होईपर्यंत ती तिथून उठली नाही.