शर्यतीत सिग्नलला थांबणारी गाडी

थर : निळा रंग

“दाब, दाब! अगं ब्रेक नाही, अ‍ॅक्सिलरेटर!” लांब्या ओरडला.

“कानठळ्या बसतात, हळू!” म्हणत बिट्टीने गाडी वळणावरून अशी काही काढली, की बघता बघता लांब्याची धाकटी बहीण शेंगदाणा खुर्चीसकट कलंडली.

सुट्टी नुकतीच लागली होती. लांब्याच्या घरचा कॉम्प्युटर, त्यावर गाड्यांची ऑनलाइन शर्यत आणि तिघांत मिळून एक की-बोर्ड. बिट्टीच्या घरी आता कॉम्प्युटर नव्हता.

“ए, तो येडा बघा!” शेंगदाणा जमिनीवरूनच किंचाळली. “शर्यतीत सिग्नलला थांबलाय!”

खरंच की! सगळ्या गाड्या लाल दिवा तोडून सुसाट, आणि एक निळी डिलिव्हरी व्हॅन पांढऱ्या पट्ट्यांमागे शहाण्यासारखी उभी! दिवा हिरवा झाल्यावर तिने इंडिकेटर दिला आणि मगच वळली.

तिघं पोट धरून हसली. मग बिट्टी एकटीच थांबली. व्हॅनच्या डाव्या दाराला पोचा होता. पोच्यावरचा रंग बाकीच्या निळ्यापेक्षा किंचित हिरवट.

“ही दादाची गाडी आहे,” ती म्हणाली.

थर : पोचा

या गेममधल्या गाड्यांना आपण रंगवलेली कातडी चढवता येते. तिला स्किन म्हणतात. बिट्टीच्या दादाला त्याचं वेड होतं. खोकं उलगडून सपाट करावं, तशी तो स्क्रीनवर गाडी उलगडायचा आणि तिच्यावर थर चढवायचा. आधी रंग, मग गंज, वरून धूळ. ही व्हॅन त्याने बाबांच्या खऱ्या व्हॅनवरून केली होती. पोचा नीट दिसावा म्हणून टॉर्च घेऊन बाबांच्या दारापाशी उकिडवा बसला होता.

स्किन त्याने कोणालाच दिली नव्हती. “आधी ड्रायव्हर रंगवू दे,” म्हणायचा.

ड्रायव्हर रंगवायचा राहिला. थंडीत दादाला ताप आला. हॉस्पिटलमधून त्याची चप्पल घरी आली. तो आला नाही.

“तो कॉम्प्युटर माझ्या डोळ्यांसमोर नको,” एवढंच आई म्हणाली होती. बाबा तो दुरुस्तीवाल्या काकांच्या दुकानात घेऊन गेले. संध्याकाळी म्हणाले, “पुसून विकायला दिला.”

मग पुसलेली गाडी धावतेय कशी?

“दुरुस्तीवाल्याने पुसलाच नसणार! तसाच विकला!” लांब्या तावातावाने म्हणाला.

“मला ती परत हवी,” बिट्टी म्हणाली. “त्याचं बाकी सगळं आईने कुलपात ठेवलंय. माझ्याकडे काहीच नाहीये रे.”

थर : गप्पांची खिडकी

बिट्टी : ही गाडी कुठून आणलीत?

निळी व्हॅन :

बिट्टी : ती माझ्या दादाची आहे.

निळी व्हॅन :

बिट्टीकडून की-बोर्ड हिसकावून लांब्या : चोरा!!! पोलिसांत देऊ!!!

(निळी व्हॅन खेळ सोडून गेली.)

“वा! पळवलास ना चोर!” शेंगदाणा म्हणाली.

थर : धूळ

दुरुस्तीच्या दुकानात पंखे, तारा आणि पोट उघडलेले कॉम्प्युटर पसरलेले. काका एका स्क्रूशी झटापट करत होते.

कसं विचारायचं, हे लांब्याने रस्त्यात पढवून ठेवलं होतं. सगळं विसरून शेंगदाणा म्हणाली, “काका, तुम्ही लोकांच्या कॉम्प्युटरमधल्या गोष्टी चोरता का?”

“काय?” काकांच्या हातातला स्क्रू उडाला. “कोण म्हणतं?”

“आमचा कॉम्प्युटर तुम्ही न पुसता विकलात,” बिट्टी म्हणाली.

“तुमचा? व्हॅनवाल्यांचा? अगं, त्यांनी दिलाच नाही मला! पायरीवर खोकं घेऊन किती वेळ उभे होते. मग इंटरनेटची एक वायर विकत घेतली आणि गेले.” काकांनी जीभ चावली. “घरी सांगू नका म्हणाले होते.”

तिघं रस्त्यावर आली.

“शर्यतीत सिग्नलला कोण थांबतं, सांगू?” बिट्टी म्हणाली. “ज्याचा जन्म गाडी चालवण्यात गेलाय, तो.”

थर : लपवलेला

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाबा जिथून व्हॅनमध्ये माल भरायचे त्या गोदामाच्या मागच्या खोलीत, खोक्यांच्या भिंतीआड ते बसले होते. शेजारी डबा उघडा, पोळीला हात न लावलेला. दोन बोटांनी ते निळी व्हॅन चालवत होते.

“‘चोरा’ कोणी लिहिलं?” मागे न बघताच त्यांनी विचारलं.

लांब्या जेवढा लांब होता तेवढा आखूड झाला.

“बाबा...”

“पुसवेना गं मला.” बाबांनी व्हॅन हळूच कडेला लावली. “जेवणाच्या सुट्टीत एक फेरी मारतो. जोरात नाही चालवत. त्याची गाडी आहे, ओरखडा नको.”

“मग मला का नाही सांगितलंत? मी चोर शोधत बसले!”

स्क्रीनवर व्हॅनची खिडकी दिसत होती. स्टिअरिंगमागे एक करडा पुतळा. ना डोळे, ना केस.

“रोज वाटतं, याला चेहरा द्यावा,” बाबा म्हणाले. “मला कुठे येतंय!”

“मला येतं थोडं. दादाने शिकवलंय.” बिट्टीने नाक पुसलं. “पण घरी. लपून नाही.”

“हुशार आहात तिघं,” असं म्हणून बाबांनी वायर काढली.

थर : चेहरा

कॉम्प्युटर घरात येताना पाहून आई स्वयंपाकघरात निघून गेली. त्या दिवशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

बिट्टी रंगवत राहिली. दादाने स्वतःचा काढलेला एक फोटो तिने बाबांच्या फोनवर समोर ठेवला होता. स्क्रीनवर उलगडलेला चेहरा पोळीसारखा सपाट, दोन बाजूंना दोन कान. लांब्या आणि शेंगदाणा मागून हुकूम सोडत होती. “भुवया दाट कर!” “नाक नको वाढवूस!”

“भांग चुकलाय.”

तिघांनी मान वळवली. दारात आई.

“फोटोत असाच आहे गं,” बिट्टी कुजबुजली.

“त्याचा फोन फोटो आरशासारखा उलटा काढायचा.” आई जवळ आली. स्क्रीनवरच्या सपाट कपाळावर तिने बोट टेकवलं आणि अलगद मागे ओढलं. “इथून. लहानपणी रोज मीच पाडून द्यायचे.”

बिट्टीने केस पुसले आणि आईच्या बोटामागून पुन्हा काढले.

“छान काढलंयस,” आई म्हणाली. “कान तेवढे मोठे झालेत.”

“होतेच मोठे!” बाबा बाहेरून म्हणाले.

आईला हसू फुटलं. हसता हसता ती पदर तोंडाशी धरून रडू लागली. शेंगदाणा उठली, आपली खुर्ची तिच्यापाशी सरकवली.

आई खोलीबाहेर गेली नाही. बसली.