सातवी रांग

बसा. दिवा असू द्या तसाच. आई प्रार्थनेला गेली आहे, यायला तासभर लागेल. मला बोलायची फारशी सवय नाही, शाळाही लवकर सुटली, त्यामुळे कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

सुरुवात कोटापासून झाली. बाबांचा कोट आणायला आईने मला कॅथेड्रलमध्ये पाठवलं होतं. आग लागून तेव्हा चार महिने झाले होते.

बाबा तिथे मेणबत्त्या सांभाळायचे. एकतीस वर्षं. उजव्या हाताच्या वेदीपाशी पायऱ्या-पायऱ्यांची लोखंडी घडवंची होती, सात रांगांची. लोक दिवसभर तिच्यावर मेणबत्त्या लावून जायचे. कोणी आजारपणासाठी, कोणी परीक्षेसाठी. संध्याकाळी दार बंद करायच्या आधी बाबा त्या एकेक करून विझवायचे. फुंकर घालत नसत. दुसऱ्याच्या मागण्यावर आपण फुंकर मारू नये, म्हणायचे. अंगठा आणि तर्जनी जिभेवर टेकवायची आणि वात चिमटीत धरायची. चट्... फिस्स. रांग संपली की काळा झालेला अंगठा शेजारच्या खांबाला पुसायचा, आणि पुढची रांग. घरी आल्यावर तीच बोटं टॉवेलला. यावरून आई त्यांना रोज बोलायची. "माणसासारखा साबण लावत जा," म्हणायची. ते हसायचे.

आग लागली त्या संध्याकाळी बाबा आत होते. छप्पर जळून खाली आलं, त्यावरचा शिशाचा पत्रा वितळून फरशीभर पसरला, आणि त्या ढिगाऱ्यात बाबा सापडले नाहीत. हाडसुद्धा नाही. मग लोक बोलायला लागले. म्हातारा एक रांग पेटती ठेवून गेला, आणि भडका बघून पळाला. कोणी म्हणे त्यांना परगावच्या बस स्टँडवर पाहिलं, दाढी वाढवलेली होती. मोठ्या फादरनीही सभेत "निष्काळजीपणा" हा शब्द वापरला. नाव घेतलं नाही, पण घेण्याची गरजही नव्हती.

आईने त्या दिवशी भिंतीवरचा क्रूस उतरवून कपाटात ठेवला, चादरींच्या खाली. "मेला म्हणून रडू की पळाला म्हणून लाजू, एवढं तरी कळू दे," ती एकदाच म्हणाली. नंतर त्या दिवसाबद्दल बोलणं नाही.

तर, कोट. मी दारात गेलो तेव्हा मुकादम सफाईवाल्यांना कागदी डगले वाटत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "नवीन ना? उशीर केलास. माप काय?"

मी कोटासाठी आलोय असं म्हणायचं होतं. "मध्यम," मी म्हणालो.

अशी मला नोकरी लागली. मी कोणाचा मुलगा, हे मी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

काम काजळी काढायचं होतं. रबराचं दूध असतं, पातळ, पांढरं, डोळ्यांत पाणी आणणारा वास असलेलं. ते ब्रशने दगडावर जाड थापायचं आणि दोन दिवस वाळू द्यायचं. मग कडेला नख घालून ओढलं की अख्खा थर सुटून येतो आणि काजळी त्याला चिकटून येते. आम्ही त्याला साल म्हणायचो. दगड खालून गोरापान निघतो. पण साल हातात धरवत नाही. ती कोमट असते. लोंबते. भाजलेल्या माणसाच्या पाठीवरून सुटलेल्या कातड्यासारखी दिसते, आणि ती गुंडाळायची तर छातीशीच धरावी लागते.

आणि वास. रबराचा निराळा, ओल्या कोळशाचा निराळा, आणि ढिगाऱ्यातल्या मेणाचा तर विचारू नका. कित्येक वर्षांचं मेण फरशीच्या फटींतून वाहून खालच्या तळघरात गोठलं होतं. त्यात कबुतरं होती, उंदीर होते, केस होते. पावसाचं पाणी साचून त्याला हिरवट साय धरली होती.

"साय खातोस का रे अजून?" माझ्या जोडीचा बारक्या विचारायचा. बारक्या म्हणजे दारातून आडवा होऊन येणारा माणूस. "मी सोडली. बायको म्हणते, बरं झालं, चहाला दूध पुरतं."

शिशाची धूळ विषारी, म्हणून काढलेल्या साली लाल पिशव्यांत भरून, वर खांबाचा नंबर आणि तारीख घालून, मागच्या खोलीत ठेवायच्या. पंधरा दिवसांनी गाडी येऊन न्यायची.

तिसऱ्या आठवड्यात मला नऊ नंबरचा खांब मिळाला. बाबांचा खांब. मी दूध थापलं तेव्हा तो वरपासून खालपर्यंत काळा होता. दोन दिवसांनी साल ओढली आणि आतून दगड असा स्वच्छ आला की मला भरून आलं. वाटलं, बाबांचं काहीतरी धुवून दिलं आपण. साल न बघताच गुंडाळली आणि पिशवीत कोंबली.

त्या रात्री जेवताना मी आईला हे सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"नऊ नंबर? घडवंचीजवळचा?"

"हो."

"त्यावर काय होतं, बघितलंस?"

"काजळी होती. काय असणार?"

आईने घास ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "आगीच्या दिवशी सकाळी मोठ्या फादरनी त्यांना झापलं होतं. एकतीस वर्षांचा डाग त्यांच्याकडून घासून घेतला, साबण आणि तारेचा ब्रश देऊन. दुपारी जेवायला आले तर तोंड एवढंसं. म्हणाले, आज खांब नव्या नवरीसारखा करून आलोय, संध्याकाळी सात बोटं ओढणार बघ त्याच्यावर." तिने ताट बाजूला सारलं. "म्हणजे त्या खांबावर फक्त त्या एका संध्याकाळच्या खुणा होत्या, बाळा. सात असतील तर सातही रांगा विझवल्या त्यांनी. मी वाट बघत होते, ते फादर स्वतः तरी बघतील..."

आणि मी त्या सोलून काढल्या होत्या.

झोप लागली नाही. एकच आधार होता. साल दगडाला चिकटलेल्या बाजूने काजळी उचलते, त्यामुळे दगडावर सगळ्यात आधी जे लागलं ते सालीवर सगळ्यात वर दिसतं. आगीच्या आधीच्या खुणा असतील तर त्या तिथे असणार. फक्त ती पिशवी शोधायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर उन्हात बसले. मी मागच्या खोलीत गेलो. छपरावर निळी ताडपत्री होती, त्यामुळे भर दुपारीही आत सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं. नऊ नंबरची पिशवी तळाशी होती. तोंड सोडलं आणि आतली वाफ अंगावर आली. साली घामेजून एकमेकींना चिकटल्या होत्या, कडांना पांढरी बुरशी लागली होती. कोपरापर्यंत हात घालून मी एकेक सोडवत होतो. सुटताना त्या ओल्या ओठांसारखा आवाज करत होत्या. दोनदा मला बाहेर तोंड काढावं लागलं.

शेवटी ती सापडली. फरशीवर पसरली. खांद्याच्या उंचीवर, काळ्यावर त्याहून काळ्या, तेलकट, तिरप्या रेघा. बाबांच्या अंगठ्याएवढ्याच रुंद.

मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. सालीची दुमड उलगडून बघितली, बुरशी नखाने खरवडली.

सहा होत्या.

मी तिथेच उकिडवा बसून राहिलो. म्हणजे लोक खरं बोलत होते. आईला काय सांगू? खोटं सांगू? हाताला तो चिकट वास, आणि मनात बाबांविषयी पहिल्यांदा किळस. हो, किळसच. त्यांचा काळा अंगठा, थुंकी लावलेली बोटं, आणि ते आपलं काम टाकून पळतायत...

तेव्हा आवाज आला.

चट्...

बाहेरून. मोठ्या दालनातून. मला वाटलं पाणी ठिबकतंय. मी श्वास रोखला.

चट्... आणि मग, खूप हळू... फिस्स.

घडवंची उरलीच नव्हती. लोखंड वाकून ढिगाऱ्याबरोबर केव्हाच गेलं होतं. तरी तो आवाज त्याच जागेवरून येत होता, एका सरळ ओळीत, डावीकडून उजवीकडे सरकत. मध्ये तेवढंच अंतर. घाई नाही. मी मोजत गेलो... अकरा... बारा... बाराव्यानंतर थांबला. एका रांगेत बाराच बसायच्या.

मग काहीतरी ओढत आल्यासारखं झालं. ओलं. दोन पावलं... तीन...

मी खोलीच्या दारात उभा होतो. तिथून नऊ नंबरचा खांब दिसतो. कोणी नव्हतं. निळा उजेड, पांढरा दगड. आणि त्या पांढऱ्या दगडावर, खांद्याच्या उंचीवर, एक काळी रेघ खाली उतरत आली. हळू. शेवटी अंगठा उचलताना जसा होतो तसा तिचा टोकाशी फराटा झाला.

मी जवळ गेलो. का गेलो, विचारू नका. रेघ ओली होती. चरबी जळल्याचा वास होता, आणि नख जळल्याचा. मी बोट लावलं तर ती गरम लागली.

मी तिथेच ओकलो.

मुकादम आला तो ओरडतच. "खांब घाण कोणी केला? बारक्या, तुझं जेवण झालं का या खांबाला पुसून?"

"माझा हात तेवढा वर पोचतो, पण अंगठा तेवढा बारीक नाही," बारक्या म्हणाला. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

रेघेवर दूध थापलं. दोन दिवसांनी साल ओढली. साल कोरीच्या कोरी आली, रेघ तिथेच. आणखी एकदा केलं. तेच. मुकादम म्हणाला, दगड तेल प्यायलाय, आतून सुटतंय. तिसऱ्या वेळी त्याने मोठ्या फादरना बोलावलं. तेव्हा मी पहिल्यांदा त्या कामावर सगळ्यांसमोर तोंड उघडलं. मी कोण ते सांगितलं, आणि सहा रेघांची साल त्यांच्या पायाशी पसरली.

फादर वाकले, मोजल्या. मग खांबाकडे बघितलं. "मीच घासायला लावला होता," ते म्हणाले. मुकादमाने डोक्यावरची टोपी काढली. एवढ्या दिवसांत त्याचं टक्कल आम्ही पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी आई आली. आगीनंतर पहिल्यांदा ती त्या दारातून आत आली. तिने साल बघितली, खांब बघितला. आम्ही सगळे नाक झाकून होतो, तिने पदरसुद्धा लावला नाही. रेघेवर आपला अंगठा ठेवला आणि नाकाशी नेला.

"सहा पुसून ते सातवीकडे गेले," ती फादरना म्हणाली. "वर छप्पर पेटलेलं. पळणारा माणूस सातवीकडे जातो का?"

"नाही," फादर म्हणाले.

"मग पुढच्या सभेत तसं सांगा. या वेळी नाव घेऊन."

त्यांनी सांगितलं. नाव घेऊन. त्या संध्याकाळी मात्र आई राखेत गुडघे टेकून बसली ती अंधार पडेपर्यंत. घरी आल्यावर क्रूस कपाटातून काढून पुन्हा भिंतीवर लावला. तो बघा, तुमच्या मागे.

आता तिथे लोक येतात. छप्पर अजून नाही, पण त्या रेघेपुढे रांग असते. ज्यांना वाटलं होतं की आगीत देवही जळाला, तेसुद्धा येतात, कपाळ टेकतात. परवा एका बाईने तान्ह्या बाळाचा हात लावला तिला. आई हसते, जेवते, शेजाऱ्यांशी बोलते. मला आनंद व्हायला हवा, आणि होतोही. पण मी तिला बोटाने शिवलोय. लोक तिचं चुंबन घेतात तेव्हा मी दुसरीकडे बघतो. ती अजून ओली आहे. अजून गरम आहे. आणि वास कमी झालेला नाही.

त्यात हा टॉवेल. मोरीपाशी टांगलेला असतो ना, तो. क्रूस भिंतीवर गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, रोज संध्याकाळी, त्यावर दोन बोटं उमटतात. काळी, तेलकट. मी तीनदा उकळत्या पाण्यात टाकला. आई आता धुवू देत नाही. नवा टांगते, जुना घडी करून चादरींच्या खाली ठेवते, जिथे आधी क्रूस होता. आणि रोज तोच टोमणा, हसत. "माणसासारखा साबण लावत जा." मग थोडं थांबते. उत्तर ऐकावं तशी.

मी भिंतीकडे तोंड करून जेवतो.

तुम्हाला हात धुवायचे असतील तर मोरी तिकडे आहे. टॉवेलला मात्र पुसू नका. हा माझा रुमाल घ्या, दुपारीच धुतलाय, अजून घडीसुद्धा मोडलेली...

थांबा.

नको. राहू द्या. हात नुसते झटका.