नील्सआजोबांचं वळण

टॉर्च बंद करा आधी. एवढ्या उजेडात बोलायला मी काय लग्नातला व्हिडिओवाला आहे? हां. निशा, कठड्यापासून लांब बस. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण ही बनवलेली गोष्ट नाही. आपल्याच बिल्डिंगमधला विश्वजीत आठवतो ना, दुसऱ्या मजल्यावरचा, लाल गाडीवाला? पावसाळ्याच्या तोंडावर बिऱ्हाड हलवून गेला तो. तुमच्या आयांना वाटतं नोकरी बदलली म्हणून गेला. वाटू दे. त्याने मला काय सांगितलं ते मला माहीत आहे, आणि ह्याच गच्चीत बसून सांगितलं.

सुरुवात अगदी साधी. विश्वजीतला सोडे आणायला उरणजवळच्या मोऱ्याला जायचं होतं. सोडे म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, ते तुम्हाला सांगायला नको, दर रविवारी जिन्यात वास असतो. त्याची बहीण चारुता स्वीडनमध्ये, पार वरच्या टोकाला. नवरा तिथल्या खाणीत इंजिनिअर. ती पोटुशी होती आणि तिला डोहाळे लागले सोड्यांच्या खिचडीचे. आता त्या बर्फात कुठून आणायचे सोडे? तर दादा म्हणाला, मी घेऊन येतो. त्याची बायको रुचिरा हिलाही कधीची हौस होती बर्फातून गाडीने फिरायची. निघाले दोघं.

मोऱ्याला भीमाबाई म्हणून एक म्हातारी बसते बाजारात. सोडे बांधता बांधता तिने विचारलं, कुठं नेताव? ह्याने सांगितलं. तर म्हणते, "ने बाला, पन अमूशेला तिनीसांजचा वशाट घेऊन रस्त्याला लागू नको. लागलास न काय आडवा आला, त दोन सोडे टाक त्याच्या म्होरं, न मागं बघू नको."

वशाट म्हणजे मासळी-मटण. विश्वजीत हसला. हसणारच. हाच पठ्ठ्या गणपतीत माइक हातात घेऊन आम्हा म्हाताऱ्यांना अंधश्रद्धेवर ऐकवायचा. दाराला लिंबू-मिरची टांगली म्हणून त्या शेजारच्या हेतलला त्याने सगळ्यांसमोर किती चिडवलं होतं.

तर गेल्या वर्षीची पौष अमावास्या. बुधवार. स्टॉकहोमवरून छोट्या विमानाने वर गेले, तिथे भाड्याची गाडी घेतली, आणि चारुताच्या गावाकडे निघाले. चार-पाच तासांचा रस्ता. म्हणजे रस्ता कसला, पांढरं. खाली पांढरं, कडेला पांढरं, झाडं पांढरी. रस्त्याची कड कळावी म्हणून दोन्ही बाजूंना काठ्या रोवलेल्या. घसरू नये म्हणून टायरला खिळे. सुरुवातीला दोघं लहान पोरांसारखे खूश. रेनडिअर दिसले, थांबून फोटो काढले, थर्मासमधला चहा प्यायले. आणि दुपारी तीनला तिथे तिन्हीसांज झाली. चारला काळोख. आपल्याकडे पोरं शाळेतून सुटतात त्या वेळेला तिथे मिट्ट काळोख, बाहेर उणे अठ्ठावीस, आणि थंडीने दोघांचे फोन मेलेले. समोरून एक गाडी नाही.

रुचिरा सहज म्हणाली, "आज अमावास्या आहे ना रे?"

डिकीतल्या सोड्यांचा वास हीटरच्या हवेने गाडीभर झाला होता, आणि तो वास आता त्याला नकोसा झाला. त्याने गाडी थांबवून सोड्यांचा डबा डिकीतून पुढे आणला, रुचिराच्या पायाशी. का, ते त्यालाही सांगता येईना.

मग दिवा दिसला.

लांब, रस्त्याच्या कडेला. खाली-वर… खाली-वर. जवळ आले तसा माणूस दिसला. नखशिखांत पांढरा. डोक्यापासून बुटापर्यंत बर्फ साचलेलं. तोंडच नाही. म्हणजे मफलर गुंडाळला होता हो, पण त्या क्षणी कोण मफलर बघतो? हातात कंदील, आणि दुसरा हात बोलावतोय. ये… ये…

"थांब," रुचिरा म्हणाली. "माणूस आहे."

विश्वजीतच्या पायाने ब्रेक दाबला. आणि मग पोरांनो, त्याला कर्नाळ्याची खिंड आठवली. लहानपणी त्याचे वडील गाडी चालवताना सांगायचे, इथे रात्री कोणी हात केला तरी थांबायचं नाही. मोऱ्याची म्हातारी आठवली. गणपतीतलं भाषण तेवढं आठवलं नाही. त्याने काच खाली केली. डब्यात हात घातला. मूठभर सोडे त्या माणसाच्या अंगावर भिरकावले, आणि गाडी अशी पळवली की मागची चाकं घसरली. आरशात बघितलं नाही. म्हातारीने सांगितलं होतं ना.

त्यात त्यांचं वळण चुकलं. तासभर भलतीकडे भटकून, दुसऱ्या बाजूने गावात शिरले. चारुता दारात उभी. नवरा खाणीत पाळीवर होता, ती घरी एकटी. भावाला बघून डोळ्यांत पाणी. मिठी मारली, आणि मग त्याच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली,

"नील्सआजोबा कुठेत?"

"कोण?"

"शेजारचे रे. आपल्या बाबांसारखेच आहेत. आपलं वळण बर्फात दिसत नाही, पाहुणे चुकतात, म्हणून ते कंदील घेऊन उभे राहिलेत तुमच्यासाठी. दुपारपासून. मेसेज केला होता मी."

आता बघा. दार उघडं आहे. गाडीचं इंजिन अजून गरम आहे. दहा मिनिटांचा रस्ता. काय करायचं होतं त्याने? एवढंच म्हणायचं होतं, अगं, आम्ही त्यांना बघितलं, चल. पण मग सांगावं लागलं असतं की त्यांना भूत समजलो. सोडे फेकले. तुझ्या त्या आजोबांवर, तुझ्या एवढ्या शिकलेल्या इंजिनिअर दादाने.

लाज वाटली हो त्याला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्या लाजेपोटी तो म्हणाला,

"कोणी नव्हतं तिथे."

रुचिराने त्याच्याकडे बघितलं. तीही गप्प बसली.

चारुताने फोन लावला. वाजत राहिला. खिडकीतून बघितलं तर आजोबांच्या घरात दिवा लागलेला. "मग कंटाळून परत आले असतील," ती म्हणाली, "फोन ऐकू येत नाही त्यांना." बिचारी स्वयंपाकघरात गेली. खिचडी टाकली. पोटभर जेवली. विश्वजीत समोर बसून घास गिळत होता आणि मनात म्हणत होता, जेवण झालं की सांगतो. मग म्हणाला, ती आडवी झाली की जाऊन बघून येतो. मग म्हणाला, दिवा तर दिसतोय खिडकीत, गेले असतील घरी. असं म्हणत म्हणत झोपला. झोप लागली, ह्याचीच त्याला नंतर सगळ्यात जास्त शरम वाटायची.

खिडकीतला दिवा म्हाताऱ्याने निघतानाच लावून ठेवला होता.

सकाळी सापडले. गाडी अंगावर येईल म्हणून मागे सरले असतील, पाय घसरून कडेच्या खड्ड्यात पडले. घोटा मोडलेला. घराच्या दिशेने थोडे सरपटत आले होते. गावातले चार लोक जमले, त्यांच्यात विश्वजीतही होता. चारुता रडत होती, सगळे तिच्याकडे बघत होते. तेवढ्यात त्याला बर्फावर पडलेले सोडे दिसले. लाल लाल, लांबून दिसणारे. तो बुटाची नाडी बांधायला म्हणून वाकला… आणि एकेक उचलून खिशात टाकले.

पोलिसांनी विचारलं. ह्याने मान हलवली. नाही.

इकडे आल्यावर वर्षभर तो कसा राहिला ते आपण बघितलंच. गाडी वापरेना. वापरली तरी अंधाराच्या आत घरी. तुम्हाला वाटायचं डोळ्यांचा त्रास. डोळे चांगले होते त्याचे. अंधार पडला की कुठलंही वळण येवो, आपल्या करंजाड्याचं, स्टेशनचं, कडेला कंदील हलायचा. खाली-वर… खाली-वर. कधी अंगावर आला नाही, ओरडला नाही. नुसता रस्ता दाखवायचा. बरोबर रस्ता. विश्वजीत मला म्हणाला, "काका, एकदा तरी मला शिवी द्यायला हवी होती त्याने."

मग यंदाची पौष अमावास्या. रविवार. चारुता पहिल्यांदाच बाळाला घेऊन आली, दिल्लीवरून आपल्या नव्या विमानतळावर. तिन्हीसांजेला उतरली. हा आणि रुचिरा आणायला गेले. गव्हाणच्या बाजूने येत होते. गप्पा चालल्या होत्या. बाळ झोपलेलं. बारशाला बाळाचं नाव नील ठेवलं, हे तिने फोनवर सांगितलं होतंच, आता का ठेवलं ते सांगत होती.

वळण आलं.

"दादा, हळू," चारुता म्हणाली. "कोणीतरी दिवा दाखवतंय."

एवढे दिवस तो फक्त त्याला दिसत होता.

विश्वजीतच्या तोंडून आपोआप निघालं, "कोणी नाही तिथे."

"अरे, मला दिसतंय."

दिवा हलत होता. रुचिरा हळूच म्हणाली, "थांबव आता. विश्वा… थांबव."

त्याने थांबवली. इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि सगळं सांगितलं. सोडे, खिसा, सगळं. चारुताने मध्ये एकदाही अडवलं नाही. मग तिने एकच विचारलं.

"मी दारात विचारलं… तेव्हा ते जिवंत होते?"

"…हो."

ती बाळाला घेऊन उतरली. दिव्याकडे चालत गेली. हा बघत राहिला. ती जवळ पोचली आणि दिवा विझला. ती तिथे उभी राहिली, खाली वाकली, बाळाची टोपी नीट केली. मग रिक्षाला हात केला आणि उरणला सासरी निघून गेली. भावाशी ती अजून बोललेली नाही. पुढे बोलेल असंही मला वाटत नाही.

विश्वजीत त्या रात्री मला इथे हे सांगत होता, तेव्हा मीही मनात म्हटलं, अपराधी मन आहे, भास होतात. त्यावर तो म्हणाला, काका, मग तुम्ही जाऊन बघा.

नाही गेलो लगेच. मे महिन्यात गेलो. भर दुपारी. डांबर असं तापलेलं की लांबून पाणी दिसत होतं. गव्हाणच्या त्याच वळणावर, कडेला, दोन बुटांएवढी जागा ओली होती. पुढची टोकं आपल्या करंजाड्याकडे. वर ना झाड, ना नळ, ना पाइप. मी चप्पल काढली आणि त्या ठशांवर पाय ठेवले.

सरळ उभाही राहिलो नव्हतो… तोवर पाय घोट्यापर्यंत बधिर झाले.

अंगठ्याचं हे नख बघा. आणा आता टॉर्च. काळं पडलंय ना? डॉक्टर म्हणतात, बर्फाने होतं असं.