काचेची आतली बाजू

“अप्पा, मासा मोठा की मुलगी?”

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. कालिंदी वर्गात सगळ्यांसमोर म्हणाली होती, सरू शाळेत वाघीण, घरात मांजर. म्हणून रविवारी अप्पा टाकीपुढं स्टूल घेऊन बसले तेव्हा मी विचारलंच. त्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

“मासा उलट बोलत न्हाय,” म्हणाले.

शाहूपुरीतल्या आमच्या घरात, बाहेरच्या खोलीत, खाऱ्या पाण्याची टाकी आहे. पाणी खरंखुरं समुद्राचं, रत्नागिरीहून मासळीच्या ट्रकमधून कॅन भरून येतं. आई म्हणते, गावात रंकाळा हाय, पंचगंगा हाय, तरी ह्यांना घरात समुद्र पायजे. तो समुद्र यंदा हिरवा पडायला लागला. अप्पा काठीला ब्लेड बांधून काच खरवडायचे, पाणी बदलायचे, माशांना अर्धपोटी ठेवायचे. दोन दिवस गेले की काचेवर पुन्हा शेवाळ. शेवटी त्यांनी गुन्हेगार शोधून काढला. माझा टेबललॅम्प.

शेवाळाला उजेड लागतो आणि टाकीशेजारी अभ्यासाला बसते मी, तिथं उजेड माझाच, म्हणून दिवेलागणीलाच माझा दिवा बंद. मी यंदा दहावीला. प्रमेयं काय अंधारात पाठ करू, असं विचारलं तर म्हणाले, मुलींचं काय अडतंय दहावीवाचून. ते ऐकून डोकं जे तापलं ते उतरलंच नाही.

दिवा बंद व्हायला लागला आणि एका सकाळी काचेवर तो डाग दिसला. हिरव्या काचेवर, अगदी माझ्या खुर्चीसमोर, एक गोल स्वच्छ जागा. पावसात एस.टी.च्या काचेवरची वाफ तळव्यानं पुसून बाहेर बघतात, तशी. ब्लेडचे ओरखडे उभे असतात. हा गोल होता.

अप्पांनी आळ माझ्यावर घेतला. मी दोन्ही हात त्यांच्या नाकापुढं धरले आणि म्हटलं, घ्या वास, खारट येतोय का बघा. त्यांनी घेतला नाही. मी बाहेरून बोट घासून पाहिलं. पुसलेलं होतं ते आतून.

मासे घासत असतील म्हणावं, तर मासे सगळे पलीकडच्या कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून. पण मला तेव्हा माशांचाही रागच होता. मी खुर्ची ओढून टाकीच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी गोल दाराकडच्या काचेवर होता. बसल्यावर माझे डोळे येतात त्या उंचीला.

विज्ञानाच्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, हिरवं काहीही अंधारात वाढत नाही. झालं, मी अप्पांपुढं अट टाकली. आठवडाभर टाकी काळ्या कापडानं झाकायची. शेवाळ मेलं तर माझा दिवा कायमचा बंद. वाढलं, तर परीक्षेपर्यंत दिवा माझा, आणि त्याबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही. अप्पा मिशीत हसले. आईनं काळ्या अस्तराची दुहेरी खोळ शिवली. गाठ मी मारली, माझ्या पद्धतीची, दोनदा पीळ देऊन.

तो आठवडा मी स्वयंपाकघरात, भांड्यांच्या फळीखाली बसून काढला. बाहेरच्या खोलीत अंधार. आम्ही जेवायला बसलो की तिकडून आवाज यायचा, ओल्या काचेवर फडकं घासल्यासारखा. बारीक. थांबून थांबून.

“पाल असंल,” आई म्हणायची.

ताटातून कोणी मान वर करायचं नाही.

काल रविवार. सकाळी अप्पांनी खोळीला हात घातला. गाठ माझीच होती, दोन पिळांची. सोडली. कापड ओढलं.

टाकी हिरवीगार होती. शेवाळ बोटभर जाड, लोकरीसारखं. अंधारात वाढलेलं.

मी जिंकले होते. ‘बघा’ म्हणायला काचेकडं बोट केलं.

माझ्या खुर्चीसमोरच्या काचेवर एकही गोल नव्हता. सगळे गोल स्वयंपाकघराकडच्या काचेवर होते. एकाला लागून एक.

मासे कोपऱ्यात. भिंतीकडं तोंड.

अप्पा कापडाची घडी घालता घालता थांबले. खोळीच्या आतल्या अंगाला मिठाचा पांढरा ठसा वाळला होता. पंजा. पाचही बोटं सरळ. पडदा बाजूला सारायला हात लावतात, तसा.

काच आणि कापड यांच्या मधे. म्हणजे काचेच्या बाहेर.

“सरू,” अप्पा म्हणाले, “दिवा लाव.”

भर सकाळी मी दिवा लावला. दहावीवाचून काही अडत नाही म्हणणारा माणूस आता माझ्या दिव्याजवळ सरकून उभा होता.

“उद्या टाकी रिकामी करतो,” ते म्हणाले.

“आता रिकामी करून काय उपेग?” मी विचारलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात होती, ती तिथून चटकन बाहेर आली.

“आता दोघं ऐका,” मी म्हटलं. “हा दिवा मी विझवणार न्हाय. रात्री न्हाय, परीक्षा संपल्यावरबी न्हाय. लाईट गेली तर कंदील लावायचा. आणि दुसरा दिवा आजच आणायचा, स्वयंपाकघरासाठी.”